सर्वानुमते

कूळ संघाचं इतिवृत्त मी लिहितो, एकोणीस वर्षं.
अक्षर बरं आहे म्हणून. शिवाय दुसरं कोणी पुढे येत नाही.
चोडणच्या आमच्या खाजनात एकशे बेचाळीस कुळं,
बांध एक, मानस एक,
आणि मानशीच्या फळ्या उघडणारा कायतान,
ज्याला घड्याळ कळत नाही, पण अष्टमीचं पाणी कळतं.

दर साली मानशीची पावणी होते.
सुंगटं, शेवटे, कुर्ल्या कोणाच्या जाळ्यात, ते ठरतं.
पैसे बांधाच्या मातीला जायचे, उरले तर देवळाच्या तेलाला.
त्या साली एक जण फेरीतून गाडी उतरवून आला.
म्हणाला, तीन वर्षांची एकदम द्या. बारा लाख.
फळ्या कधी उघडायच्या, ते मात्र मी सांगेन.

हिशेब मला मांडायला लावला.
मी फळ्यावर खडूने मांडला, एका कुणग्याचा :
ट्रॅक्टर, खत, लावणीच्या चार बायका मिळाल्या तर,
कापणीचं यंत्र, आमच्या चिखलात रुततं ते धरून
खर्च नऊ हजार शंभर.
भात सोसायटीत घातलं, आधारभूत दराचा फरक
शिमग्याआधी खात्यात आला असं समजलं,
तर जमा नऊ हजार चारशे.
त्या फरकासाठी उताऱ्यावर नाव लागतं.
एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आमचे आजे शेती करतात,
वारून चाळीस वर्षं झाली तरी.
आणि मानस दिली, तर बांधाचा निधी कापून
घरटी सालाला दोन हजार चारशे. बसून.

हिशेबात चूक नव्हती. मी पुन्हा तपासलाय.
फटू गावस म्हणाला, पोरगा जहाजावरून पाठवतो, तांदूळ काय, विकत मिळतो.
सुलक्षा कॅसिनोत चादरी बदलते,
लावणीला रजा मागितली तेव्हा तिथे हसले होते.
हात वर झाले.

कुशावती मांद्रेकर बसल्या जागेवरून बोलली,
"चिटणीसबाब, ह्यात पेज कुठं मांडली?"
पेज घरात जाते, म्हटलं, ती उत्पन्नात धरत नाहीत.
"आणि म्हशीचं गवत?"
तेही घरातच.
"मग आमचं घर तुमच्या फळ्यावर नाहीच."
कोणी हसलं नाही. कोणी हात खालीही घेतला नाही.
तिने वर केला नाही, एवढंच.

मी लिहिलं : ठराव सर्वानुमते मंजूर.
ठरावाच्या शेवटी तसंच लिहायची सवय.
प्रत मामलेदाराकडे गेली, शिक्का घेऊन परत आली.

पैसे वेळेवर आले, खोटं कशाला बोला.
मी उकड्या तांदळाची गोण घेतली,
गोणीवर परराज्यातल्या गिरणीचं नाव आणि हसरा बैल.
कायतानला महिन्याचा पगार, फोन वाजला की फळ्या उघडतो.
अष्टमीला फोन येतोच असं नाही.
खारं पाणी कुणग्यांत राहिलं, मागोमाग तिवर उगवलं,
आणि तिवर एकदा उभं राहिलं
की वनखातं तोडू देत नाही. तेही बरोबरच म्हणायचं.

परवा कुशावती डबा घेऊन आली. बिस्किटांचा, गंजका.
आत कोरगुटीचं बी.
"दर साली पेरलं नाही तर मरतं.
मी न्हाणीमागे पेरते मूठभर, पण उंदीर आहेत.
थोडं तुमच्याकडेही असू दे."

रविवारी परत सभा, मुदत वाढवायची का म्हणून.
माझ्या प्रतीत 'सर्वानुमते'च्या वर
पेन्सिलीनं लिहिलंय, एक सोडून.
मामलेदाराकडची प्रत आहे तशीच आहे.
धुण्याच्या दगडामागे चार बोटं हिरवं वर आलंय.
क्षेत्र किती लिहावं, ते बघतोय.